घाम कोणाचा, सल्ला कोणाला

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक जमले होते; कोणी पहाटे निघून आलेले, कोणी आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचलेले. सावली होती ती व्यासपीठावर. ऊन चढत गेलं तशी माणसं कोसळू लागली आणि उष्माघाताने १४ जण गेले. त्यातले बरेच जण कित्येक तास उपाशी होते, असं नंतर शवविच्छेदनाच्या हवाल्याने छापून आलं. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता. अकोल्या-चंद्रपूरकडच्या माणसाला हा आकडा म्हणजे उन्हाळ्याची नुसती सुरुवात वाटेल. मग खारघरला एवढं काय झालं?

उत्तर घामात आहे. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं. बाहेरची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा गार असेल तर अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा त्याहून तापली की तो मार्ग बंद होतो, उलट हवाच आपल्याला तापवू लागते. मग हाती उरतो फक्त घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावर वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून जमिनीवर पडलेला घाम उष्णता नेतच नाही, फक्त पाणी आणि मीठ घालवतो. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. नागपुरात माठ छान गार होतो आणि मुंबईत तोच माठ जेमतेम, कारण किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी पाणी ती घेत नाही. खारघरच्या मैदानावर माणसांच्या अंगाचं तेच झालं.

म्हणून हवामान खात्यानेही सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलेली नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांना पोचल्यावर होतो, किनाऱ्यावर ३७ ला आणि डोंगराळ भागात ३० ला. त्यापुढे नेहमीच्या सरासरीपेक्षा ते किती वर गेलं हे पाहतात. शास्त्रज्ञ आणखी एक माप वापरतात. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं ते. हे ओलं तापमान ३५ अंशांवर गेलं तर सावलीत उघड्या अंगाने बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकणार नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच येते असं दिसलं. म्हाताऱ्यांची त्याहून खाली असणार हे उघड आहे.

मग घरोघर जे उपाय चालतात त्यांचं गावागणिक वेगळं होणं साहजिक. कूलर हे विदर्भ-खानदेशचं यंत्र. वाळ्याच्या ताट्या भिजवून त्यातून येणारी हवा तिथे खरोखर खोली गार करते. हाच कूलर ठाण्याच्या बंद खोलीत लावला तर दमटपणा वाढून घाम वाळणं आणखी अवघड होतं. पंख्याचं उलट आहे. किनाऱ्यावर पंखा हे मोठं औषध. पण हवा ४० च्या पुढे गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेव्हा पंख्यावर विसंबू नका असं सांगते. अंगावर ओला पंचा किंवा ओला सुती सदरा असेल तर मात्र कोरड्या हवेत तोच पंखा पुन्हा कामाला येतो. विदर्भात डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरणारी माणसं बाहेरच्याला विचित्र वाटतात. पण ४५ अंशांच्या वाऱ्यात उघडी कातडी ही सोय नसून नुकसान आहे, हे त्यांना कोणी शिकवावं लागलेलं नाही.

आता पाणी. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला चूक नाही, पण फार ढोबळ आहे. पुण्यात वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या माणसाला तहान लागेल तसं पाणी पुरतं. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे हिशोब जमला. त्याने बाटली समोर ठेवून बळेबळे चार-पाच लिटर रिचवण्यात काही मिळवलेलं नसतं. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या किंवा बाजार समितीतल्या हमालाचं गणितच निराळं. जड कामात उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि तहान त्या वेगाने लागत नाही; ती मागून येते. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना अशा माणसाला दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी प्यायला सांगतात आणि तासाला सुमारे दीड लिटरच्या वर जाऊ नका असंही बजावतात. कारण घामाबरोबर मीठ जातं. ते भरून न काढता नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर झटके येतात.

मिठाच्या बाबतीत तर दोन माणसांना दोन टोकांचे सल्ले द्यावे लागतात. घामाच्या एका लिटरमागे साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं. माणसागणिक फरक पडतो. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला ते परत मिळालंच पाहिजे. पण जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे आणि आपण लोणचं-पापड-फरसाणातून त्याहून कितीतरी जास्त खातो. रक्तदाबाची गोळी घेऊन पंख्याखाली बसलेल्या काकांनी ‘उन्हाळा आहे’ म्हणून ताकात चमचाभर मीठ आणि वर चाट मसाला टाकू नये, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. काकूंचं सहसा ऐकत नाहीत.

अतिसारात प्राण वाचवणारं मीठ-साखरेचं पाणी उन्हातही उपयोगी पडतं. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं आणि त्यानंतर जगाने ते मानलं. आजच्या अधिकृत पाकिटात लिटरभर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय थोडं पोटॅशियम आणि सायट्रेट. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा. यात साखर थोडी आहे ती मुद्दाम; तेवढ्याच साखरेच्या संगतीने आतडं सोडियम आणि पाणी आत ओढून घेतं. बाजारातल्या कोल्यात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर असते. ती पाणी शोषायला मदत करण्याऐवजी उलट आतड्यात पाणी खेचते. मेडिकलच्या दुकानात ‘ओआरएस’ असं नावात मिरवणारी, पण फळांच्या रसासारखी गोड पेयं वर्षानुवर्षं विकली गेली आणि आईबापांनी ती जुलाब झालेल्या मुलांना भरवसा ठेवून पाजली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं नाव वापरण्याची परवानगी काढून घेतली. उशीर झाला, पण झालं.

चैत्रातल्या आपल्या पेयांकडे या नजरेनं पाहिलं की गंमत वाटते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंबेडाळ, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या घड्याचं दान, खानदेशात आखाजीला घागर पुजणं: उन्हाची तीव्रता वाढायच्या आत घरात माठ आणि कैरी दोन्ही येतील अशी ही आखणी आहे. पन्ह्यात गूळ, मीठ, पाणी आणि कैरीतलं थोडं पोटॅशियम. गूळ बेताचा ठेवला तर कामावरून आलेल्या माणसाला याहून बरं पेय शोधायला नको. लग्नातल्या पन्ह्याची मात्र गोष्ट वेगळी. ते सरबत नसून पाक असतो. कोकणात कोकमाचं तिवळ आणि सोलकढी, गोव्यात सकाळी अकराच्या सुमाराला पेज, देशावर ताक, मराठवाड्यात ज्वारीची आंबील. पेज आणि आंबील यांना मी सरबतांच्या वरचं स्थान देईन. त्यात पाणी आहे, मीठ आहे आणि जोडीला पोटभर पिठूळ अन्नही आहे. उन्हात भूक मरते, घन अन्न नकोसं होतं, तेव्हा ताकात कालवलेली, लसूण-जिऱ्याची आंबील जे करते ते महागड्या पावडरींना जमत नाही. ज्या घरांनी ती गरिबीची खूण म्हणून सोडली त्यांच्याच मुलांसाठी आता शहरांतल्या हॉटेलांत ती पेल्यात मिळते, भाव मात्र निराळा.

गोव्यातलं काजूचं हुर्राक याच हंगामातलं आणि लिंबू-सोड्यात ते सरबतासारखं उतरतं. पण दारू लघवी वाढवते आणि उन्हाचं भान घालवते, तेव्हा ते संध्याकाळी, गार झाल्यावर. चहाबद्दल उगाच भीती आहे. नेहमी चहा पिणाऱ्याच्या अंगातलं पाणी चहाने घटत नाही, त्यात मिळतं ते पाणीच जास्त असतं.

जुन्या ग्रंथांचा आधार देणाऱ्यांनी वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ जरा नीट उघडून पाहावं. त्याच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा अध्याय आहे. ग्रीष्मात खारट, तिखट, आंबट टाळावं, व्यायाम आणि ऊन टाळावं. गोड, हलकं, स्निग्ध, गार आणि पातळ घ्यावं. थंड पाण्याने न्हाऊन साखर घातलेलं सातू खावं. मद्य घेऊच नये, घ्यायचंच तर अगदी थोडं किंवा भरपूर पाणी घालून. एरवी निषिद्ध असलेली दुपारची झोप या ऋतूत चालते. दुपार झाडांच्या दाट सावलीत किंवा कारंज्यांच्या घरात काढावी, रात्र चांदण्यात, गच्चीवर. यातलं बरंचसं आजच्या शरीरशास्त्राला पटेल असं आहे. पण हा दिनक्रम कोणाचा आहे? शेतावर जाणाऱ्याचा नक्कीच नाही. ज्याला दुपारी घाम येऊच द्यायचा नाही त्याने मीठ टाळणं योग्यच. जो नांगर धरतो, ऊस तोडतो, डोक्यावर घमेलं वाहतो त्याचा आहार मात्र कोणत्या ग्रंथात लिहिलेला नाही, तो त्याच्या फडक्यात बांधलेला असतो: भाकरी, कांदा, मिठाचा खडा, ठेचा आणि असेल तर ताक. ग्रंथ म्हणतो खारट टाळा, शिदोरी म्हणते मीठ घ्या, आणि दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती एकाचं पथ्य दुसऱ्याला लावण्यात. उन्हाळी आहारावर आज जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बहुतेक अजूनही कारंज्याच्या घरात बसलेल्या माणसाला उद्देशून असतं. ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका’ हे वाक्य डिलिव्हरीच्या मुलाला, भाजीवालीला किंवा वाहतूक पोलिसाला ऐकवून पाहा.

काही समजुती चटकन निकालात काढता येतात. खिशातला कांदा लू अडवत नाही. पोटातला कांदा निदान जेवणाला चव आणतो. आंबा ‘उष्ण’ असतो म्हणजे त्याने अंगाचं तापमान चढतं असं नाही. तीन वाट्या आमरस, वर तूप आणि पुरणपोळी यांनी जड झालेल्या पोटाचा दोष एकट्या आंब्यावर येतो. तो पिकवायला वापरलेल्या कार्बाइडची भीती मात्र खरी, कायद्याने त्यावर बंदीच आहे. कलिंगडावर पाणी प्यायल्याने पटकी होत नाही. कलिंगडात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं. गुलकंद, सब्जा, वाळ्याचं पाणी हे सुखाचे प्रकार आहेत, घ्यावेत, पण त्यांनी उष्माघात टळतो असं मानू नये. फ्रिजचं पाणी विष नव्हे. गार पाणी माणूस जास्त पितो, हा फायदाच. ज्यांचा घसा धरतो त्यांनी माठ ठेवावा.

पोट बिघडतं ते बहुधा अस्वच्छतेने. रसवंतीतला उसाचा रस ताजा असला तरी बर्फ कुठला हे कळत नाही. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. पेल्यात फोडून टाकलेला बर्फ कोण तपासतो? लग्नसराईत दुपारी रांधलेलं रात्रीच्या पंगतीला वाढणं ही तर जुलाबांना आमंत्रण देणारी गोष्ट. बासुंदी, पनीर, शिजवलेला भात ३५-४० अंशांत तास-दोन तासांपलीकडे उघड्यावर ठेवायचे पदार्थ नव्हेत. आणि एकदा जुलाब सुरू झाले की त्याच माणसाला ऊन दुप्पट बाधतं.

आहाराच्या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट म्हणजे सवय. शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो आणि हृदयावरचा ताण उतरतो. म्हणूनच मार्च-एप्रिलमधली पहिली लाट मे महिन्यातल्या तितक्याच तापमानापेक्षा जास्त घात करते, आणि साइटवर आलेला नवा मजूर जुन्यापेक्षा लवकर पडतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं फक्त २० टक्के काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. आपल्याकडे रोजंदारीवरच्या माणसाला पाचवा हिस्सा काम म्हणजे पाचवा हिस्सा मजुरी, त्यामुळे हा नियम पाळलेला दिसत नाही. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याचं शरीर अशी सवय करून घेतच नाही. त्याने सुट्टीत गावी जाऊन पहिल्याच दुपारी शेताला फेरी मारण्याची हौस करू नये. सकाळी अर्धा-पाऊण तास चालून घाम काढणं हे त्याच्यासाठी खरं पथ्य आहे. विदर्भाने शाळा सकाळच्या केल्या, उन्हाळ्याची सुट्टी बाकी महाराष्ट्रापेक्षा लांबवली. म्हणजे वेळ बदलता येते. फक्त ती मुलांसाठी बदलली, विटा वाहणाऱ्यांसाठी नाही.

बायकांच्या बाबतीत पाण्याचा सल्ला आणखी एका ठिकाणी अडतो. बाजारात बसणाऱ्या, शेतात खुरपायला जाणाऱ्या, बंदोबस्तावर उभ्या असलेल्या बायका पाणी मोजून पितात, कारण जायला जागा नसते. उन्हाळी लागणं, लघवीची जळजळ, वारंवार होणारे संसर्ग आणि मुतखडे यांचं मूळ कित्येकदा आहारात नसून बंद असलेल्या स्वच्छतागृहात असतं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने जी मोहीम चालली ती खरं म्हणजे उन्हाळ्यातल्या आरोग्याचीही मोहीम होती. धने-जिरे-खडीसाखरेचा काढा द्यावा, हरकत नाही. त्याआधी कुलूप उघडावं.

म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा लागते, घाम कमी येतो आणि औषधं चालू असतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाचा वेग कमी करणारी औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं शरीराची गार होण्याची ताकद कमी करतात. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. मार्च लागताच डॉक्टरांना दाखवून मात्रा तपासून घ्यायची. मधुमेही माणसाची साखर वाढली की लघवीवाटे पाणी आणखी जातं. त्याचं इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तर निकामी होतं. वीज जाणाऱ्या गावांत वापरातली बाटली पिशवीत बांधून माठाच्या गारव्यात ठेवतात, ती चांगली युक्ती आहे. तान्ह्या बाळाला, सहा महिन्यांच्या आत, उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही. आईला जास्त पाणी लागतं.

रात्रीचा विचार सगळ्यात कमी होतो. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवायला हवं, पण पत्र्याच्या खोलीत आणि सिमेंटच्या स्लॅबखाली मध्यरात्रीपर्यंत भट्टी असते. मराठवाड्यातली माळवदाची आणि खानदेशातली धाब्याची घरं जाड मातीमुळे बरी राहत. ती पाडून सगळ्यांनी स्लॅब टाकले. छताला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग दिला तर खोली दोन ते पाच अंशांनी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांचं धोरणच केलं. अहमदाबादने तर मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू मोजल्यावर २०१३ मध्ये शहरासाठी उष्मा कृती आराखडा आखला: आधी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, मजुरांच्या वेळा. नागपूरने नंतर तोच कित्ता गिरवला. पाणपोई ही तर आपली जुनीच चाल. रांजण, ओगराळं आणि वर झाडाची सावली. बाटलीबंद पाण्याच्या काळात ती हौसेची देणगी होऊन बसली. खरं तर नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तिचा आकडा असायला हवा.

एवढं करूनही कोणाला ऊन लागलंच तर काय? पायात गोळे येणं, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गार आणि ओली कातडी ही शरीर थकल्याची खूण. सावलीत आडवं करावं, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने द्यावं. तासाभरात बरं वाटायला हवं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजायचा, मग कातडी कोरडी असो वा घामाने थबथबलेली. काम करताना पडलेल्याला घाम असतोच, आणि ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ या समजुतीने माणसं गेली आहेत. आतलं तापमान ४० च्या पुढे गेलेलं असतं आणि पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जाईल. क्रोसिनसारख्या तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. हा ताप जंतूंचा नव्हे. १०८ ला फोन लावायचा आणि त्याच क्षणी कपडे काढून अंगावर पाणी ओतायला लागायचं. विहिरीचं, टँकरचं, रसवंतीवाल्याच्या बर्फाचं, हाताला येईल ते. हौद किंवा टब असेल तर डोकं वर धरून मानेपर्यंत बुडवायचं, नसेल तर ओली चादर टाकून पुठ्ठ्याने वारा घालत राहायचं, बर्फ काखेत, जांघेत, मानेला लावायचा. रुग्णवाहिका आल्यावरही ओली चादर अंगावर राहू द्यायची, आणि गाडीत बर्फाची पिशवी सोबत द्यायची.